खणातले जर्दाळू

त्सोलाक रोज एक पुडी आणायचा
वर्तमानपत्रात बांधलेली,
आणि रोज मी ती त्याच्या हातून काढून घ्यायचे.
वाळवलेले जर्दाळू. घर खाली आलं,
अंगणातलं झाड उभं राहिलं, त्या झाडाचे.
"काका, यात पोटॅशियम असतं.
लेकीच्या किडन्या बंद आहेत तुमच्या.
मूठभर खाल्ले तर काळीज थांबेल तिचं."
तो माझ्याकडे असा बघायचा
की जणू मी आईच्या दुधाला विष म्हटलंय.

सातेनिक. वय एकोणीस. लेनिनाकानच्या सूतगिरणीत पाळीवर होती.
चौदा तास तुळईखाली, दोन्ही मांड्या दबलेल्या,
तरी बोलत होती,
ढिगारा उपसणाऱ्या पोरांची नावं विचारत होती.
दगड अंगावर असतो तोवर माणूस तगतो.
दगड उचलला
की चेंगरलेलं मांस रक्तात उतरायला लागतं.
सुटकेच्या त्याच रात्री
बाटलीत काळ्या चहाच्या रंगाची लघवी,
दुसऱ्या दिवशी तीही नाही.

येरेवानला मशीन थोडी, माणसं ओळीत.
परदेशातून आलेल्या खोक्यांवर परक्या लिपीतल्या सूचना.
एका परक्या तंत्रज्ञाने हातवाऱ्यांनी शिकवलं:
रक्त इथून बाहेर, इथून आत,
मध्ये बुडबुडा दिसला तर ओरड.
त्याच्या भाषेतला तेवढा एक शब्द मला येतो. बुडबुडा.

माझं काम मोजायचं.
पहाटे सहाला बाटली खिडकीशी धरायची,
बाहेर बर्फ, आत माझा श्वास काचेवर.
सातेनिक: पंधरा मिलिलिटर. शून्य. शून्य. दहा.
शेजारच्या खाटेवर मेखाक, लिफ्ट दुरुस्त करणारा:
शून्य. शून्य. चाळीस.
"बाई, कोन्याक काढा," म्हणाला.
मग नव्वद. तीनशे.
सोळाव्या दिवशी अठराशे, स्वच्छ, वाळल्या गवताच्या रंगाची.
तोंडावर तळहात दाबून बाटली घेऊन मी जिना धावत चढले.
डॉक्टर खुर्चीतून उठून उभे राहिले,
पाहुणा आल्यासारखे.

संध्याकाळी ताप. मांडीची जखम सडली होती.
पहाटे मेखाक गेला.

वहीत दोन रकाने होते:
किडनी परतली? माणूस परतला?
पहिल्यात मी 'हो' लिहिलं.
दुसऱ्यापाशी बराच वेळ बसून राहिले.
शेवटच्या तासापर्यंत चालू होत्या त्याच्या किडन्या,
मालक गेल्याचं न कळलेल्या
दोन इमानी गड्यांसारख्या.
त्याची बायको बूट न्यायला आली.
तिच्या हातात मी खणातली एक पुडी ठेवली,
का, ते मला सांगता यायचं नाही.
तिनेही विचारलं नाही.

सातेनिकचं सगळं सावकाश.
डावा पाय गेला. केस झडले.
पाचव्या आठवड्यात साठ मिलिलिटर,
मग तीन दिवस काहीच नाही,
मग एकदम दोनशे दहा;
मी बाटली तिरपी धरली, सरळ धरली,
दुसऱ्या नर्सला बोलावून वाचायला लावली.
कुणाला काही बोलले नाही. मेखाकनंतर
आकड्यांवर मी चटकन भाळत नव्हते.

मार्चमध्ये मशीनची नळी निघाली.
"पूर्ण नाही, पण पुरेल," डॉक्टर म्हणाले,
"दर सहा महिन्यांनी रक्त तपासा, आयुष्यभर."
आणि माझ्याकडे वळून: "अर्धा. अर्ध्याहून जास्त नको."

खण उघडला. एकोणतीस पुड्या.
त्सोलाकने खिशातल्या चाकूने एक जर्दाळू चिरला,
अर्धा तिच्या जिभेवर ठेवला.
ती चघळत राहिली, डोळे मिटून, कितीतरी वेळ.
मग म्हणाली, "आंबट आहे."

बाप ओशाळला.
"मागच्या उन्हाळ्यात," म्हणाला,
"ऊन जरा कमी पडलं."